पावसाळ्यात कापडी ब्लाइंडवर पुन्हा पुन्हा येणारी बुरशी: लक्षणे, तपासण्या आणि उपाय

लक्षणे

मृग लागून पंधरा-वीस दिवस झाले की खिडकीच्या कापडी ब्लाइंडवर, बहुधा काचेकडच्या बाजूला, मोहरीएवढे काळे-करडे ठिपके दिसू लागतात. खोली काही तास बंद राहिली आणि दार उघडले की कुबट वास येतो. कापड ओले नसते, पण हाताला गार आणि किंचित चिकट लागते. रोमन ब्लाइंडमध्ये हे ठिपके घड्यांच्या आतल्या रेषेवर ओळीने उमटतात, तर रोलर ब्लाइंडमध्ये रुळावर गुंडाळलेल्या भागात येतात. ओल्या फडक्याने पुसले की आठ-दहा दिवस बरे दिसते आणि मग त्याच जागी तेच ठिपके परत येतात.

एकदाच आलेला डाग काढणे अवघड नाही. इथे प्रश्न परत येणाऱ्या डागाचा आहे. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून सुमारे अडीचशे मीटरवर आमचे घर आहे आणि वरच्या मजल्यावर पर्यटकांसाठी ३ खोल्या आहेत. त्यांच्या पश्चिमेकडच्या ७ खिडक्यांना कापडी ब्लाइंड लावल्यानंतरच्या ९ पावसाळ्यांत मी हेच काम अनेकदा केले, आणि पहिली ३ वर्षे चुकीच्या क्रमाने केले. खालच्या तपासण्या सोप्या आणि स्वस्त गोष्टींपासून अवघड गोष्टींकडे जातात. आधीच्या तपासणीत कारण सापडले, तर पुढच्या कामाचा व्याप वाचतो.

डाग नेमका कुठे आहे

साबण किंवा औषध हातात घेण्याआधी ब्लाइंड पूर्ण खाली सोडावे, दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंनी पाहावे आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. डागाची जागाच बहुतेक वेळा कारण सांगते. फक्त तळाच्या वीतभर पट्टीत डाग असतील तर खिडकीतून पाणी आत येत आहे. सगळ्यात वरच्या भागात, रुळाजवळ असतील तर ब्लाइंड दमट असतानाच गुंडाळले जात आहे किंवा वरची भिंत ओल धरते आहे. काचेकडच्या संपूर्ण बाजूवर सारखे विखुरलेले असतील तर तो खाऱ्या हवेचा प्रताप समजावा. तपकिरी-नारिंगी डाग बुरशीचा नसून गंजाचा असतो, आणि स्वयंपाकघरातील पिवळट, धूळ धरणारा चिकट थर फोडणीच्या वाफेचा असतो. गंजावर ब्लीच लावल्यास तो आणखी गडद होतो, आणि चिकट थराला साबण पुरतो, औषध लागत नाही, म्हणून ही ओळख पटल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बिनखर्चाची तपासणी: खिडकीची चौकट

सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांच्या खालच्या खोबणीत, बाहेरच्या बाजूला, पाणी वाहून जाण्यासाठी लहान छिद्रे ठेवलेली असतात. उन्हाळाभर तिथे धूळ, वाळू आणि मेलेले किडे साचतात. पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येऊ लागला की खोबण भरते आणि पाणी आतल्या कडेवरून उंबऱ्यावर उतरते. तिथे टेकलेली ब्लाइंडची तळाची कड ते पाणी वातीसारखे वर ओढते. जुन्या दात घासण्याच्या ब्रशने खोबण साफ करावी, छिद्रांतून झाडूची काडी फिरवावी आणि तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते का ते पाहावे. आमच्या ७ पैकी २ खिडक्यांचा प्रश्न एवढ्यावरच मिटला. त्या दोन ब्लाइंडवर मी दोन वर्षे निष्कारण औषधे फवारत होते.

खोबण मोकळी असूनही पाणी येत असेल, तर चौकट आणि भिंत यांच्यामधला सिलिकॉनचा भराव फाटलेला आहे का ते पाहावे. तळमजल्यावर तो स्वतः भरता येतो. वरच्या मजल्यावर बाहेरून भरण्यासाठी माणूस बोलवावा.

खरी गोष्ट: मीठ

पॉलिएस्टरचा धागा बुरशीला फारसा खाता येत नाही. कापूस आणि ताग तिला चालतात, पण हल्लीची बहुतेक ब्लाइंड पॉलिएस्टरची किंवा मिश्र धाग्याची असतात, तरीही त्यांवर बुरशी येते. ती येते ती कापडावरच्या धुळीवर, तेलकटपणावर आणि कातडीच्या सूक्ष्म कणांवर. ओलावा तिला कोण पुरवते, हे मला बराच काळ उमगले नव्हते. एका आषाढात मी तेच ब्लाइंड तिसऱ्यांदा पुसत असताना सासूबाईंनी फडताळातल्या खडे मिठाच्या बरणीकडे बोट दाखवले. बरणीच्या तळाशी पाणी सुटले होते. "अगो, बरणीतलं मीठ पाझरतंय, तिथे खाऱ्या वाऱ्यावरचा पडदा कोरडा कसा राहील?" एवढेच त्या म्हणाल्या.

त्या म्हणण्यात रसायनशास्त्र अचूक आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेला पाणी धरते. आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या पुढे असते. वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण काचेकडच्या बाजूला अडकतात, धुळीत मिसळतात, आणि हे मिश्रण पावसाळाभर कापडाला दमट ठेवते. ब्लाइंड हाताला गार आणि चिकट लागते ते याच कारणाने. ओल्या फडक्याने वरवर पुसल्यास बुरशीचा दिसणारा भाग जातो, पण मीठ विरघळून कापडात आणखी खोल उतरते. आठ-दहा दिवसांनी ठिपके परत येतात, कारण त्यांचे अन्न आणि पाणी दोन्ही आपण तिथेच ठेवलेले असते.

यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली अशी की कोरडी सफाई नेहमी ओल्या सफाईच्या आधी व्हावी. व्हॅक्यूम क्लीनरला मऊ केसांचा ब्रश लावून, कमी ओढीवर, वरून खाली दोन्ही बाजू फिरवाव्यात. यंत्र नसेल तर स्वच्छ, कोरडा रंगाचा रुंद ब्रश तितकेच काम करतो. मात्र जिथे बुरशी आधीच दिसते आहे तिथे कोरडा ब्रश चालवू नये, कारण तिचे बीजाणू खोलीभर उडतात. तसे ब्लाइंड आधी पडवीत किंवा अंगणात न्यावे आणि नाकावर एन-९५ मास्क लावावा.

दुसरी गोष्ट अशी की मीठ फक्त गोड्या पाण्यानेच निघते. हे लिहिणे खुळेपणाचे वाटेल, पण माझी सर्वांत महागडी चूक नेमकी हीच होती. सगळी ब्लाइंड मी मे महिन्यात आमच्या विहिरीच्या पाण्याने अगदी निगुतीने धुतली. त्या दिवसांत किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी मचूळ होते, आमचेही होते, आणि मी मिठाच्याच पाण्याने मीठ धुतले. जूनच्या शेवटी त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त ठिपके आले. पाणी मचूळ आहे की नाही हे जिभेला लगेच कळते. शंका असेल तर निदान शेवटचे खळबळणे तरी नळयोजनेच्या पाण्याने करावे.

खोलीतील हवा

काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवावा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा पाहावा. आकडा ६० च्या खाली राहिला तर बुरशीची वाढ जवळपास थांबते. किनाऱ्यावर जुलैत हे नैसर्गिकरीत्या होत नाही, म्हणून आकडा आदर्श पातळीवर आणणे हा हेतू नसून तो कशाने वाढतो हे ओळखणे हा आहे. खोलीत वाळत घातलेले कपडे, बंद न्हाणीघरातील वाफ, दिवसभर गुंडाळून ठेवलेले ब्लाइंड, यांचा परिणाम त्या आकड्यात दिसतो.

एसीच्या खोल्यांत एक वेगळाच घोटाळा होतो. रात्रभर एसी २० अंशांवर चालतो, त्यामुळे कापड, रूळ आणि भिंत गार होतात. सकाळी पाहुणे समुद्र पाहायला खिडकी सताड उघडतात. पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे त्याहून गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर दव धरते. मग कोणीतरी तेच दमटलेले ब्लाइंड गुंडाळून वर चढवतो. आम्ही आता खोलीत चार ओळींची सूचना लावली आहे: एसी २५-२६ अंशांवर ठेवावा, तो बंद केल्यावर अर्धा तास पंखा चालवावा, मग खिडकी उघडावी, आणि पावसाळ्यात ब्लाइंड पूर्ण गुंडाळू नये. निम्मे पाहुणे ती वाचतात, तेवढ्यानेही फरक पडला.

ओलावा शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपाटात उपयोगी पडतात. उघड्या खिडकीच्या खोलीत ते समुद्राशीच झुंजत बसतात. शिवाय त्यांत साचलेले पाणी कापडावर सांडले तर तिथे कायमची दमट जागा तयार होते.

डाग काढणे

इथवरच्या तपासण्यांनंतरच औषधाकडे वळावे. आधी कापड ओळखावे: आतल्या शिवणीतून दोरा काढून चिमट्यात धरावा आणि वॉशबेसिनवर काडी लावावी. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, तर पॉलिएस्टरचा दोरा वितळून त्याचा कडक मणी बनतो. पाठीमागे रबरासारखा पांढरा किंवा करडा लेप असेल तर ते ब्लॅकआउट, म्हणजे उजेड अडवणारे, कापड आहे. त्याला घडी, गरम पाणी, इस्त्री आणि ब्लीच यांपैकी काहीही चालत नाही.

पहिला प्रयत्न साध्या साबणाचा असावा. लिटरभर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा भांडी घासण्याचे द्रव किंवा कपड्यांचे सौम्य द्रव मिसळावे, पांढऱ्या फडक्याने डाग टिपावा आणि मग दुसऱ्या फडक्याने गोड्या पाण्याने तीनदा टिपून साबण काढावा. घासू नये. घासल्याने विणीतले धागे सरकतात आणि उन्हात ती जागा कायम वेगळी दिसते. पाणी हाताला कोमट लागेल इतपतच असावे, कारण गरम पाण्यात पॉलिएस्टरला पडलेली सुरकुती तशीच बसून राहते. फोडणीच्या चिकट थरालाही हाच साबण पुरतो, फक्त फेस दहा मिनिटे राहू द्यावा.

ठिपके उरले तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे. औषधांच्या दुकानात ते अनेकदा ६ टक्क्यांचे मिळते, म्हणून बाटलीवरचा आकडा वाचावा आणि तो ६ असेल तर जितके पेरॉक्साइड तितकेच पाणी मिसळावे. वरच्या दुमडीच्या आत, जिथे कोणाला दिसणार नाही, एक थेंब टाकून दहा मिनिटांत रंग उतरतो का ते पाहावे. रंग टिकला तर कापसाच्या बोळ्याने डागावर लावावे, दहा मिनिटांनी गोड्या पाण्याने टिपून घ्यावे. पांढरे व्हिनेगरही काही प्रमाणात काम करते, पण दोन्ही एका भांड्यात मिसळू नयेत, त्यातून त्वचेला आणि श्वासाला त्रास देणारे आम्ल तयार होते.

घरगुती ब्लीचबद्दल माझे मत स्पष्टपणे विरोधात आहे. ते रंग घालवते, सुती धागा कमकुवत करते, नायलॉनच्या दोऱ्या पिवळ्या करते आणि गंजाचा डाग आणखी गडद करते. पांढऱ्या सुती ब्लाइंडवर, पातळ करून, खिडक्या उघड्या ठेवून वापरायचेच असेल, तर ते व्हिनेगर, लिंबू किंवा न्हाणीघर साफ करण्याच्या आम्लाशी कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. अमोनियाच्या द्रवाशी तर मुळीच नको.

गंजाच्या डागाला लिंबाचा रस लावून अर्ध्या तासाने धुवावे. लिंबाबरोबर मीठ चोळण्याचा जुना सल्ला इतरत्र ठीक असेल, पण इथे मीठच तर काढायचे आहे. तळपट्टी लोखंडी असेल तर डाग पुन्हा येणारच. ती काढून अॅल्युमिनियमची घालावी, हा खर्च एकदाच होतो.

एवढे करूनही काही फिकट ठिपके राहतात. बुरशी मेली तरी तिचा रंग धाग्यात उरतो. असा ठिपका महिनाभर न वाढता तेवढाच राहिला तर तो सोडून द्यावा. त्याच्यामागे लागून मी एका रोमन ब्लाइंडला भोक पाडले आहे.

उतरवून धुणे

वर्षातून एकदा, आगोटीच्या कामांत, म्हणजे कौले चाळणे आणि लाकडे भरणे चालू असते त्या दिवसांतच हे काम उरकावे. रोमन ब्लाइंड उतरवण्याआधी दोऱ्या कोणत्या कडीतून कशा ओवल्या आहेत याचा फोटो काढावा. आडव्या पट्ट्या काढून त्यांवर पेन्सिलीने क्रमांक घालावेत. कापड मोठ्या टपात साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून हाताने दाबत धुवावे, पिळू नये. रोलरचे कापड मात्र भिजवू नये, कारण त्याला सरळ ठेवणारी कांजीसारखी ताठरता निघून जाते आणि कडा वळतात. ते स्वच्छ फरशीवर पसरून स्पंजने दोन्ही बाजूंनी पुसावे. वॉशिंग मशिनचा विचारही करू नये.

वाळवण्यात घाई केली तर वरची सारी मेहनत वाया जाते. ओल्या कापडावर बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात. मे महिन्यात ब्लाइंड सावलीत वाऱ्यावर दिवसभरात वाळते. पावसाळ्यात भिजवावे लागलेच तर उघडीप पाहून सकाळीच भिजवावे आणि नंतर पंख्याखाली सरळ लोंबते ठेवून दोन दिवस द्यावेत. जाड शिवण सगळ्यात शेवटी सुकते, म्हणून तिच्यावर टिश्यू पेपर दाबून तो कोरडा राहतो का ते पाहावे. परत टांगल्यानंतरही दोन दिवस ब्लाइंड पूर्ण खाली सोडलेलेच असावे.

टांगताना आणखी एक काळजी घ्यावी. मण्यांच्या साखळीचा लोंबता फास लहान मुलांच्या गळ्यात अडकू शकतो. साखळी ताणून भिंतीवरच्या क्लिपमध्ये बसवावी आणि पाळणा किंवा पलंग खिडकीखाली ठेवू नये.

इथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

रुळात स्प्रिंग असेल, म्हणजे ब्लाइंडला साखळी किंवा दोरी नसून ते ओढून सोडले की आपोआप वर जात असेल, तर रूळ उघडू नये. ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोटे जायबंदी होतात. मोटरच्या ब्लाइंडला पाणी लावू नये, वीज बंद करून बसवणाऱ्या कारागिराला बोलवावे.

भिंतीची ओल ओळखण्यासाठी खिडकीजवळ हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. खोलीकडच्या बाजूला पाणी धरले तर दोष हवेचा आहे. प्लास्टिकच्या आत, भिंतीकडे पाणी साचले तर भिंत झिरपते आहे. जांभा सच्छिद्र असतो आणि गिलावा तडकला की पश्चिमेची भिंत पावसाळाभर पाणी पिते. अशा घरात ब्लाइंड कितीही धुतले तरी उपयोग नाही. गवंड्याला किंवा ओलप्रतिबंधाचे काम करणाऱ्याला कोरड्या ऋतूत बोलवावे आणि भर पावसात भिंतीला रंग लावून घेऊ नये.

बुरशी ब्लाइंडवरून भिंतीवर किंवा फॉल्स सीलिंगवर गेली असेल आणि एकूण जागा १० चौरस फुटांहून जास्त असेल, तरीही घरगुती उपाय थांबवावेत. घरात दमा असलेल्या व्यक्तीने हे काम मास्क लावूनसुद्धा करू नये. ब्लॅकआउटचा लेप सोलवटू लागला असेल तर कोणतीही सफाई तो परत आणत नाही. बहुतेक दुकानदार तोच रूळ ठेवून नुसते कापड बदलून देतात. ड्रायक्लीनला देताना लेपाबद्दल तिथल्या माणसाला आवर्जून सांगावे, कारण त्या द्रावणाने लेप कडक होऊन तडकू शकतो.

मेपासून गणपतीपर्यंत बंद राहणारी घरे

ज्यांचे घर मेअखेरीस बंद होते आणि थेट गणपतीला उघडते, त्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्या ब्लाइंडला ना पंखा मिळतो, ना कोणी ते हलवते. गणपतीच्या आदल्या दिवशी आलेले चाकरमानी काळवंडलेले ब्लाइंड घाईघाईने धुतात, भाद्रपदाच्या दमट हवेत ते अर्धे सुकते, आणि आरतीला माणसे येणार म्हणून तसेच गुंडाळून वर चढवले जाते. पुढच्या मेपर्यंत ते तसेच राहते. अशा घरांसाठी मी एकच गोष्ट सुचवते: मे महिन्यात निघण्याच्या तीन-चार दिवस आधी ब्लाइंड उतरवून गोड्या पाण्याने धुवावे, पूर्ण वाळवावे, सैल गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसह जाड प्लास्टिकमध्ये तोंड चिकटपट्टीने बंद करून ठेवावे. शिवणीत थोडीही ओल उरली असेल तर बंद पिशवीत बुरशी उघड्यापेक्षा जोमाने वाढते, म्हणून टिश्यू पेपरची परीक्षा इथे दोनदा करावी. खिडकीला तेवढे महिने जुनी धुतलेली चादर लावून जावे.